भुलून कुणी सीताफळ खात नाही

गुरुवारी सकाळी नऊच्या आत त्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या बाहेर काढायला लागायच्या. मॅडमचा पुतण्या खाली उभा राहून वरच्या मजल्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, "आत्याची शाळा भरायची हाय, गाड्या काढा." भाडेकरू कुरकुरत खाली यायचे. मग खांबाला फळा टांगला जायचा, बाजेवर चादर पडायची, आणि नऊवारी नेसलेल्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या आमच्या मॅडम हातात कवितांचं पुस्तक घेऊन जिना उतरायच्या.

गुरुवार एवढ्यासाठी, की आमच्याकडच्या बहुतेक कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते. आम्ही सहा-सातजण होतो, सगळे नोकरी करून बाहेरून इंग्रजीचं एम. ए. करणारे. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग मापून बघायचे, बसलं मापात की पुढे, नाही बसलं की बाजूला. लातूरकडून येऊन मला चार वर्षं झाली होती. रहाटणीत एक खोली घेतली होती आणि माझी धाकटी बहीण रेणू माझ्याजवळ राहत होती. तीही त्याच कंपनीत पॅकिंगला होती.

मॅडम मूळच्या रहाटणीच्याच. जिथे ती बिल्डिंग उभी होती तिथे त्यांच्या वडिलांचं ज्वारीचं शेत होतं. त्या घराण्यातली कॉलेजात गेलेली ही पहिली मुलगी. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. त्यांचं इंग्रजी ऐकून नवे प्राध्यापक बोलायचे थांबत, असं त्यांचा एक जुना विद्यार्थी सांगायचा. पण निवृत्त झाल्या त्या दिवसापासून त्यांनी इंग्रजीत फक्त कविता वाचायची ठेवली. बाकी सगळं गावच्या बोलीत. आमच्यातल्या एकाने एकदा धीर करून विचारलं, की मॅडम, असं का. त्या म्हणाल्या, "नोकरीत व्हते तवर त्यांची भाषा बोलले. आता माझी."

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कविता त्या अशा शिकवायच्या की ती माणसं काळेवाडीत राहत असावीत असं वाटावं. गाइडचा त्यांना फार राग. कुणाच्या पिशवीतून गाइड डोकावलं तर त्या ते दोन बोटांनी उचलून खांबामागे ठेवून यायच्या. आमच्या अभ्यासक्रमात एक लांबलचक कविता होती, एका बाईने लिहिलेली. दोन बहिणी असतात. ओढ्याकाठी विचित्र फेरीवाले येतात आणि रसरशीत फळं विकतात. एक बहीण ती फळं खाते आणि मग झुरत जाते. दुसरी बहीण तिच्यासाठी त्या फेरीवाल्यांकडे जाते. ते तिच्या तोंडात फळं कोंबतात, मारतात, पण ती ओठ मिटून उभी राहते. अंगावर सांडलेला रस तेवढा घेऊन घरी येते आणि त्या रसाने बहिणीला बरं करते. गाइडमध्ये याचं सोपं कोष्टक होतं. फळ म्हणजे मोह, खाल्लं ते पाप, वाचवलं ते भगिनीप्रेम. मी ते पाठ केलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "गाइडात फळाचा अर्थ दिलाय. चव दिली न्हाई."

मग पुढचे कितीतरी गुरुवार त्या फळं आणत राहिल्या. अंजीर, करवंदं, पपई, एकदा तर फणस. एकेकाने खायचं आणि कसं लागलं ते चार ओळींत लिहायचं. फेरीवाल्यांच्या आरोळ्यांची त्यांची एक वहीसुद्धा होती. रस्त्यात हातगाडीवाल्याला थांबवून त्या सांगायच्या, "आता वरडलास त्ये परत वरड." तो बिचारा गोंधळून ओरडायचा आणि या भर रस्त्यात उभ्या राहून लिहून घ्यायच्या. वर्गात त्या आरोळ्या त्या हुबेहूब काढून दाखवत. म्हणायच्या, विकणारा काय देतोय ते ओरडून सांगतो, बदल्यात काय नेतोय ते सांगत नाही. पाप हा शब्द मात्र त्या सहजासहजी वापरू देत नसत. कुणी उत्तरात लिहिलाच तर समासात लाल शाईने एकच प्रश्न यायचा: दुखलं कुणाला?

रेणूला घरी एकटीला करमायचं नाही म्हणून ती माझ्याबरोबर यायची आणि मागे पायरीवर बसायची. तिचं इंग्रजी बेताचं होतं. एका गुरुवारी सीताफळं होती. आम्ही सगळे मोह, आकर्षण, गोडवा असलं काहीबाही लिहीत होतो. मॅडमनी पायरीवरच्या रेणूलाही एक दिलं होतं. तिचं खाऊन झालं तेव्हा त्यांनी तिला विचारलं, तुला काय वाटतं. रेणू हातातल्या बिया बघत म्हणाली, "मॅडम, एवढ्या बिया काढत बसायचं म्हणजे ज्याला खायचंय तोच खातो. भुलून कुणी सीताफळ खात नाही."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना बाजेवर बसावं लागलं. पदराने डोळे पुसत त्या आम्हाला म्हणाल्या, "लिवून घ्या रं. ह्ये कुठल्या गाइडात न्हाई." तेव्हापासून रेणू पायरीवरून पुढच्या खुर्चीत आली. मला थोडं लागलं. फॉर्म मी भरला होता, परीक्षा मी देणार होते, आणि मॅडम बोलताना बघायच्या तिच्याकडे.

त्या कवितेतली एक जागा मॅडमना सोडवत नसे. सगळे जण दुसरी बहीण जाते ते सांगतात. पण ती लगेच जात नाही. पहिली डोळ्यांसमोर वाळत चाललेली असते, हिला त्या फेरीवाल्यांच्या हाका रोज ऐकू येतात, रस्ता माहीत असतो, तरी ती भीतीने घरीच बसते. पार शेवट दिसायला लागतो तेव्हा उठते. मॅडम म्हणायच्या, "ती गेली ह्ये समदे लिवतात. ती किती दिस गेली न्हाई, ह्ये कुनी लिवत न्हाई." आणि पुस्तक मांडीवर उपडं ठेवून रस्त्याकडे बघत राहायच्या. दोन-दोन मिनिटं. आम्ही एकमेकांकडे बघायचो. म्हाताऱ्या झाल्यात, तंद्री लागते, असं मला वाटायचं.

त्याच वर्षी रेणूचं आमच्या कंपनीतल्या एका मुलाशी जुळलं. जळगावकडचा होता, ऑपरेटर. कँटीनमध्ये दोघं एका टेबलावर बसायची. एकदा त्याच्या बाइकवरून ती उतरताना मी पाहिली. तिला विचारलं तर तिने लपवलं नाही. म्हणाली, ताई, मला आवडतो तो, तुला भेटवणारच होते. मी भेटले नाही. तो कसा आहे, घरचे कोण, काहीच विचारलं नाही. माझ्या डोक्यात ते कोष्टक पक्कं बसलेलं. मोह दिसला की पुढचं सगळं दिसतं, तसं मला दिसायला लागलं. मी मोठी बहीण. वाचवणं माझं काम. मी गावी वडिलांना फोन केला.

दोन दिवसांनी वडील आणि चुलते जीप घेऊन आले. दुपारची वेळ होती. रेणू न्हाऊन केस वाळवत बसली होती. वडिलांनी फक्त कपडे भर म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी बोलेन, अडवेन, अशी तिची खात्री असावी. मी तिची पिशवी भरायला घेतली आणि म्हणाले, जा, चार दिवसांनी ये. ती परत आली नाही. दोन महिन्यांत औशाजवळच्या एका गावात तिचं लग्न झालं. तो मुलगा कंपनीच्या गेटवर दोनदा माझी वाट बघत उभा होता. दोन्ही वेळा मी दुसऱ्या गेटने निघाले.

रेणू गावी गेलीय, एवढंच मी तोवर वर्गात सांगत होते. लग्नाहून आल्यावर पहिल्याच गुरुवारी मॅडमनी परत विचारलं, पोरगी कुठं हाय. मी सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर अभिमानाने सांगितलं. आमच्या कवितेतल्यासारखंच झालं मॅडम, असंही म्हणाले. बाकीचे ऐकत होते.

मॅडमनी विचारलं, "तिला इचारलंस?"

मी म्हणाले, विचारायचं काय त्यात, तिला कळत नव्हतं.

त्यांनी पुस्तक मिटलं. आवाज चढला नाही. "तू बहीण न्हाई झालीस," त्या म्हणाल्या. "तू गाइड झालीस."

मग उठल्या आणि जिना चढून वर गेल्या. फळा तसाच खांबावर. आम्ही एकेक करून निघालो. मला संताप आला होता. लग्न न केलेल्या बाईला घर सांभाळणं काय कळणार, असं मी त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले. ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं असेल का, मला माहीत नाही. पोचलं नसावं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय.

दोन गुरुवार वर्ग भरला नाही. तिसऱ्या गुरुवारी सकाळीच त्यांचा फोन आला, तुझी स्कूटी घिऊन ये. मी गेले. त्या तयार होऊन फाटकात उभ्या होत्या. मागे बसल्या आणि म्हणाल्या, तळवड्याला जायचंय.

रस्त्यात त्यांनी मला सांगितलं. वाऱ्यामुळे निम्मं ऐकू येत नव्हतं, म्हणून एका टपरीपाशी थांबून त्यांनी उरलेलं सांगितलं. त्यांना एक धाकटी बहीण होती. बावीस वर्षांपूर्वी, त्यांच्या चाळीत खोली घेऊन राहणाऱ्या नांदेडच्या एका कामगाराबरोबर ती निघून गेली होती. जात वेगळी. भावांनी आंघोळ केली आणि ती मेली म्हणून सांगितलं. वर्षभराने मॅडमच्या कॉलेजच्या पत्त्यावर तिचं एक पत्र आलं. तळवड्याचा पत्ता होता आणि एक ओळ: आक्का, एकदा येऊन जा. मॅडम गेल्या नाहीत. भावांच्या घरात राहत होत्या, कॉलेजात नाव होतं, लोक काय म्हणतील ही भीती होती. पाऊण तासाचा रस्ता. त्या तो बावीस वर्षं गेल्या नव्हत्या.

"आनि दर साली पोरांना शिकवत व्हते," त्या म्हणाल्या, "बहीण कशी जाती त्ये."

टपरीशेजारी अंजिरांची गाडी होती. मॅडम तिकडे वळल्या, दोन अंजिरं हातात घेतली, आणि परत ठेवली. "न्हाई. फळं न्हाई न्यायची." आम्ही रिकाम्या हातांनी निघालो.

तळवड्यात त्यांच्या बहिणीची खानावळ होती. पत्र्याची लांब शेड, बाकडी, कंपन्यांतली मुलं जेवत होती. आत एक बाई चपात्या लाटत होती. मॅडमसारखंच कपाळ, मॅडमसारखीच मान कलती ठेवायची सवय. मी तिथपर्यंत असं धरून चालले होते की आम्हाला कुणीतरी खंगलेलं, उद्ध्वस्त झालेलं दिसेल. बाई चांगली धडधाकट होती. दोन हाताखालच्या बायकांना कामं सांगत होती. नवरा गल्ल्यावर बसून कुणाशी तरी हसत बोलत होता. मॅडम दारात उभ्या राहिल्या तेव्हा तिने एकदाच वर बघितलं. लाटणं थांबलं, परत सुरू झालं.

"बसा," ती म्हणाली. सख्ख्या बहिणीला अहोजाहो.

मॅडम बाकड्यावर बसल्या. मुलं जेवून गेली, नवी आली. मला वाटलं आता मॅडम माफी मागतील. पण बोलली ती बहीणच. चपातीवरची नजर न उचलता म्हणाली, "तू आली असतीस तरी मी परत आले नसते. माझं चांगलंच चाललं व्हतं. पर तू याया पायजे व्हतंस."

मॅडम म्हणाल्या, "व्हय."

एवढंच. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यात लसणाची पाटी होती ती पुढ्यात ओढली आणि सोलायला लागल्या. बहिणीने अडवलं नाही, बरं केलंस असंही म्हणाली नाही. पाटी संपली तेव्हा त्या उठल्या, पदर झटकला आणि मला म्हणाल्या, चल.

रहाटणीत उतरल्यावर माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी लगेच काढला नाही. म्हणाल्या, "माझं बावीस वर्सांचं झालंय. तुझं तीन म्हयन्याचंच हाय."

मी म्हणाले, हो मॅडम, जाईन.

मी गेले नाही. म्हणजे औशाला गेले, नाही असं नाही. बारशाला गेले, सासऱ्यांच्या तेराव्याला गेले, दिवाळीला फोन करत राहिले. पण जे बोलायला जायचं होतं ते घेऊन कधी गेले नाही. आधी परीक्षा होती. मग बढती, मग माझं लग्न, मग मोशीत फ्लॅट. रेणूचा नवरा तसा वाईट नाही. शेती बघतो, गावातली पिठाची गिरणी बघतो. मारत नाही, आणि विचारतही नाही. लग्नाआधी तिने बी. कॉम.चा फॉर्म भरला होता, त्याचं पुढे काय झालं हे मीही कधी विचारलं नाही.

एम. ए. झाल्यावर मॅडमकडे जाणंही कमी झालं. त्या दर गुरुवारी वर्ग आटोपला की तळवड्याला जातात, पुढे वर्ग बंद झाल्यावरही रिक्षा करून जातात, एवढं कानावर यायचं. गेल्या वर्षी त्या गेल्या. मला दोन दिवस उशिरा कळलं. दहाव्याला गेले तेव्हा पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊ आता थकलेले, पुतणे धावपळ करत होते. सगळ्यांपासून लांब, फाटकाजवळ, मॅडमची बहीण, तळवड्याच्या मावशी, उभ्या होत्या. त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं, किंवा म्हटलं असेल आणि त्या आल्या नसतील. मी जवळ गेले. त्यांनी मला ओळखलं.

"पंधरा वर्सं," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी येऊन लसून सोलून गेली आक्का. खानावळ माझी. रोज शंभर मान्सं जेवतात. तिला येकदाबी म्हनले न्हाई, जेवून जा. म्हनायचंच व्हतं. म्हनलं, अजून थोडं बसू दे तिला."

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. त्या हाताला पिठाचा वास होता.

त्या महिन्यात मी रजा टाकली आणि औशाला गेले. काही कार्य नव्हतं, त्यामुळे रेणू दारातच थबकली, सगळं ठीक आहे ना म्हणाली. दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी एका दमात सांगून टाकलं, की तेव्हा बाबांना फोन मी केला होता. रेणू तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "माहिताय की. बाबांनी जीपमध्येच सांगितलं."

सोळा वर्षं तिला माहीत होतं. प्रत्येक दिवाळीच्या फोनवर, माझ्या लग्नात माझ्या हातावर मेंदी काढताना, तिला माहीत होतं. मी रडायला लागले. तिने ताट बाजूला ठेवून पाणी आणून दिलं, पण जवळ बसली नाही. समोर बसली. म्हणाली, "तो कसाय म्हणून तू एकदा बघितलं असतंस, आणि नाही म्हणली असतीस, तर मी ऐकलं असतं बघ."

मग तिने दुसरा विषय काढला, म्हणजे मला तेव्हा तो दुसरा वाटला. तिच्या मुलीची दहावी झाली होती. पोरगी हुशार आहे, तिला पुढे बाहेर शिकायचं आहे, आणि घरातले सगळे म्हणतात की पुण्याकडे मावशी आहे, तिचं स्वतःचं घर आहे, तिच्याकडे ठेवा.

"शिकवणार मी तिला," रेणू म्हणाली. "कुठं पण ठेवीन. लातूरला हॉस्टेलला ठेवीन. पण ताई, तुझ्याकडं नाही ठेवणार."

मी बरं म्हणाले. रात्री जेवताना आम्ही गावातल्या लग्नांबद्दल बोललो.

सकाळी भाची मला एस.टी. स्टँडवर सोडायला आली. माझी बॅग तिने मला घेऊ दिली नाही. चालणं रेणूचं, बोलणंही रेणूचं, भराभर. तिने कॉलेजांची नावं शोधून ठेवली होती, आकुर्डीचं कुठलं चांगलं, निगडीचं कुठलं, हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. बस लागली तेव्हा ती घुटमळली. म्हणाली, मम्मी नको म्हणते, पण तू एकदा बोललीस तर ऐकेल. "मावशी, तुझ्याकडं मला राहायला जागा होईल का?"

मोशीच्या फ्लॅटमध्ये एक खोली गेली सहा वर्षं बंदच आहे.

"नाही गं," मी म्हणाले. "जागा नाही. आणि मला जमायचंही नाही."

तिचा चेहरा पडला. थोडी चिडलीही. बॅग माझ्या पायाशी ठेवून ती निघाली, आणि बस सुटेपर्यंत थांबली नाही. मी खिडकीतून बघत होते. घरी जाऊन ती आईला सांगेल, मावशीच नाही म्हणाली.